दागिना घडवायला टाकण्यापूर्वी

"वजन कमी हवं, पण दागिना उठून दिसायला हवा." गौरी-गणपती जवळ आले की आमच्या वेंगुर्ल्याच्या पेढीवर बहुतेकजण हेच सांगतात. मागणी अगदी रास्त आहे आणि ती पुरी करता येते. मात्र सोनं कुठे वाचवायचं आणि कुठे मुळीच वाचवायचं नाही, हे कागदावर पहिली रेघ ओढण्याआधीच ठरायला हवं. म्हणून आम्ही आधी रक्कम विचारतो. संकोच न करता खरा आकडा सांगा, चित्र त्यात बसवायचं काम आमचं.

आमच्या सुरंगी हाराचंच बघा. आरवली-शिरोड्याच्या बाजूला सुरंगीच्या फुलांचे वळेसार, म्हणजे गजरे, विकायला येतात, त्यातल्या टपोऱ्या कळीवरून हा घडवला. ६ मिलिमीटरचा भरीव मणी २२ कॅरेटमध्ये केला तर एकेक मणी २ ग्रॅमच्या आसपास जातो. तेवढाच मणी ०.२ मिलिमीटर पत्र्याचा, आतून पोकळ केला तर ०.४ ग्रॅमच्या आत बसतो. त्यासाठी पत्र्याच्या दोन वाट्या ठोकायच्या, डाक (सांधा जोडणारा वितळता धातू) लावून जोडायच्या, सांधा घासून बेमालूम करायचा आणि वर केसरांचे बारीक रवे बसवायचे. कळ्या फक्त पुढच्या बाजूला; मागे केसांखाली साधा गोफ. पोकळ मणी दाबला तर चेपतो, म्हणून बोरमाळेसारखी आत लाख भरतो. तिचं वजन बिलात सोन्यात धरत नाही. मोती आणि खड्यांचंही तसंच.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो. वजन निम्मं झालं म्हणून किंमत निम्मी होत नाही. जितके सांधे, तितकी मजुरी, त्यामुळे नाजूक दागिन्याची घडणावळ, म्हणजे घडवण्याची मजुरी, सोन्याच्या मानाने जास्त पडते. मोडीच्या वेळी ती परत मिळत नाही, तेव्हा मोल फक्त सोन्याला. अडीअडचणीला मोडता यावं म्हणून सोनं घेत असाल तर साध्या पाटल्या किंवा वळं घ्या, कोरीव काम नको. हौसेने वर्षानुवर्षं घालायचा असेल, तर घडणावळीचे पैसे कारागिराच्या हाताला जातात आणि ते सार्थकी लागतात, असं आमचं मत आहे.

फासा, कडी आणि साखळीच्या टोकाचे कोंडे यांत आम्ही काटकसर करत नाही, तुम्ही म्हणालात तरी. रोजच्या मंगळसूत्रात कडीवर कडी घासून झीज होते ती नेमकी तिथेच, आणि तुटलं की वाटीसकट जातं. खड्यांच्या अंगठीला आणि कुड्यांना आम्ही १८ कॅरेट सुचवतो. हजारी ७५० भाग सोनं असलेला हा धातू २२ कॅरेटच्या ९१६ पेक्षा कठीण असतो, त्यामुळे खडा घट्ट राहतो. १० ग्रॅमच्या दागिन्यात शुद्ध सोनं ९.१६ ऐवजी ७.५ ग्रॅम, म्हणून तो स्वस्तही पडतो. रंग जरासा फिका दिसतो, तो आधी हातात घेऊन बघा.

बिलावर निव्वळ वजन, कॅरेट, त्या दिवसाचा दर आणि घडणावळ वेगवेगळी लिहिलेली असते. सोनं आणि घडणावळ मिळून होणाऱ्या रकमेवर ३ टक्के जीएसटी लागतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असतो. तो 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून आमच्यासमोरच तपासा.

साच्याचा खर्च राहिला. तुमचं डिझाईन दुसऱ्या कोणालाही करून द्यायचं नाही असं ठरलं, तर साच्याचे पैसे तुमच्याच बिलात येतील. पुढे इतरांसाठी वापरायची मोकळीक दिलीत तर ते आम्ही सोसतो. दोन्ही आकडे चित्रासोबत लिहून देऊ. घरी विचार करून सांगा, तोवर सोन्याला हात लावणार नाही.