स्तनाच्या गाठीचा तुकडा लॅबमध्ये आणताना : रुग्ण आणि नातेवाइकांसाठी माहितीपत्रक

ऑपरेशन थिएटरच्या दारात बरणी हातात दिली जाते आणि "ही लॅबला पोचवा" असं सांगितलं जातं. लहान हॉस्पिटलांत हे नेहमीचंच आहे. कीमो लागेल का, गोळ्या कोणत्या, वर्षभराची महागडी इंजेक्शनं घ्यावी लागतील का, हे बऱ्याच अंशी त्या बरणीतल्या तुकड्यावरून ठरतं. वाटेत तुकडा खराब झाला तर आमच्या, म्हणजे लॅबच्या, हातात करण्यासारखं फार काही उरत नाही.

आधी सुई, मग सुरी

"गाठ आहे ना, काढून टाकू, मग बघू" हा सल्ला घाईचा आहे. गाठ कॅन्सरची निघाली तर कडेला आजार मागे राहू शकतो आणि मग दुसरं ऑपरेशन करावं लागतं. आधी कीमो देऊन गाठ लहान करण्याची संधीही हातची जाते. म्हणून आधी सुईची बायोप्सी, म्हणजे गाठीचा नमुना काढून तपासणी, करून घ्या. सुई टोचली की कॅन्सर अंगभर पसरतो या समजुतीला आधार नाही. तिच्यापायी वाया जाणारे महिने मात्र नक्की महागात पडतात.

सुईच्या तपासण्या दोन. बारीक सुईने पेशी ओढून काढायच्या ती एफएनएसी. ती स्वस्त आणि झटपट होते, पण कॅन्सर दुधाच्या नळीतच आहे की बाहेर पसरलाय हे तिच्यावरून कळत नाही. जाड सुईची ती कोअर बायोप्सी. जागा बधिर करून, बहुधा १४ गेजच्या सुईने, शेवईच्या तुकड्यांसारखे निदान चार धागे काढतात. स्तनाच्या संशयास्पद गाठीसाठी आम्ही कोअरचाच आग्रह धरतो.

मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफीच्या रिपोर्टखाली बायरॅड्सचा आकडा असतो, म्हणजे कॅन्सरचा संशय किती याची ठरलेली श्रेणी. ० म्हणजे "काही नाही" असं समजून फाइल कपाटात ठेवू नका. त्याचा अर्थ चित्र अपुरं आहे, आणखी फोटो हवेत. १ आणि २ ची काळजी नाही. ३ असेल तर साधारण सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. ४ किंवा ५ असेल तर बायोप्सी. हाताला गाठ लागतेय आणि मॅमोग्राफी मात्र नॉर्मल, असंही होतं. विशेषतः तरुण वयात स्तन घट्ट असतात आणि फोटोत गाठ लपते. अशा वेळी सोनोग्राफी आणि गरज पडली तर बायोप्सी कराच.

बरणी

तुकडा १०% न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्येच हवा. ते पाण्यासारखं दिसतं, पण वास डोळ्यांना झोंबतो. वास येत नसेल तर बरणीत सलाइन किंवा साधं पाणी असण्याची शक्यता आहे. निघण्याआधी सिस्टरना विचारा. पाण्यात पेशी फुगून फुटतात. बाजारातलं तीव्र फॉर्मॅलिन पातळ न करता ओतलं तर तुकडा बाहेरून कडक होतो आणि आत कच्चाच राहतो. फ्रीजरमध्ये ठेवला तर बर्फाचे कण पेशी फाडतात. बरणी घरच्या साध्या तापमानात ठेवा, उन्हात नको.

फॉर्मॅलिन तुकड्याच्या दहापट हवं. बरणी रुंद तोंडाची हवी, कारण मऊ असताना आत कोंबलेला तुकडा कडक झाल्यावर अरुंद तोंडातून निघत नाही. नाव, वय, डावा की उजवा स्तन आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ ही चिठ्ठी बरणीच्या अंगावर हवी, झाकणावर नाही. झाकणं बदलली जातात. झाकणावर चिकटपट्टी गुंडाळा, दोन पिशव्यांत घाला, एसटीत उभी धरा आणि आत काय आहे ते पाहायला उघडू नका.

आता वेळेबद्दल. तुकडा शरीरातून निघाल्यापासून तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये गेला पाहिजे आणि त्यात किमान ६, जास्तीत जास्त ७२ तास राहिला पाहिजे. त्याहून कमी किंवा जास्त झालं तर पुढे ज्या मार्कर टेस्ट (ईआर, पीआर, हर टू; त्या खाली सांगितल्या आहेत) करतो त्या खोट्या निगेटिव्ह येऊ शकतात, म्हणजे उपयोगी पडणारं औषध रुग्णाला मिळतच नाही. "सकाळी दिलं, संध्याकाळी रिपोर्ट द्या" हे आम्ही करत नाही ते यामुळे. शुक्रवारी ऑपरेशन झालं आणि सोमवार-मंगळवार सुट्टी असेल, तर बरणी घरी ठेवू नका. दिवाळीतही फोन करा, आम्ही तुकडा घेतो.

पूर्ण स्तन काढला असेल तर अडचण वाढते. फॉर्मॅलिन साधारण तासाला एक मिलिमीटर आत शिरतं आणि आतल्या गाठीपर्यंत पोचायला दिवस लागतात. म्हणून असा नमुना लगेच आणा. आम्ही त्याचे काप करून, मधे गॉझ ठेवून मुरवतो. त्यावर सर्जनने लावलेले लांब-आखूड दोरे काढू नका. वरची बाजू कोणती आणि काखेकडची कोणती हे आम्हाला त्यांवरूनच कळतं. आम्ही कडांना शाई लावतो. शाईला कॅन्सरच्या पेशी टेकल्या असतील तर कड मोकळी नाही आणि बहुधा पुन्हा कापावं लागतं.

सोबतच्या कागदावर आधी कीमो झाली आहे का हे जरूर लिहून आणा. कीमोनंतरची गाठ वेगळ्या पद्धतीने मोजावी लागते.

गाठ साधी वाटली म्हणून काढून फेकून देऊ नका. काढलेली प्रत्येक गाठ तपासायला हवी.

रिपोर्टमध्ये काय असतं

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो ग्रेडवरून. ग्रेड ३ म्हणजे तिसरी स्टेज नव्हे. ग्रेड म्हणजे पेशी किती आक्रमक दिसतात. तीन गोष्टींना प्रत्येकी १ ते ३ गुण देतो: पेशींनी नळ्या बनवण्याचं प्रमाण, केंद्रकांचं रूप आणि विभाजनाचा वेग. बेरीज ३ ते ५ आली तर ग्रेड १, ६-७ तर २, ८-९ तर ३. स्टेज ठरते गाठीचा आकार, काखेतल्या गाठी आणि शरीरात इतरत्र पसरणं यांवरून. ती एकट्या बायोप्सीवरून कळत नाही. ग्रेड ३ ची लहान गाठ पहिल्या स्टेजची असू शकते.

दुसरा गोंधळ पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा. "ईआर निगेटिव्ह" वाचून कॅन्सर नाही असं समजून पेढे वाटू नयेत, आणि "पॉझिटिव्ह" वाचून रडूही नये. ईआर (इस्ट्रोजेनचा) आणि पीआर (प्रोजेस्टेरॉनचा) हे पेशींतले हार्मोन पकडणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, आहेत. १% किंवा जास्त पेशींत ईआर दिसला तर पॉझिटिव्ह. १ ते १०% म्हणजे कमी प्रमाणात पॉझिटिव्ह, तिथे डॉक्टर अधिक विचार करतात. पॉझिटिव्ह असणं सोयीचं, कारण गोळ्या चालतात. पाळी चालू असेल तर बहुधा टॅमॉक्सिफेन २० मिलिग्रॅम, पाळी गेल्यावर लेट्रोझोलसारखी गोळी, रोज एक, किमान पाच वर्षं. बरं वाटतंय म्हणून परस्पर बंद करू नका. टॅमॉक्सिफेन चालू असताना, पाळी गेलेली असूनही रक्तस्राव झाला तर लगेच कळवा. लेट्रोझोलने सांधे दुखतात, हाडं विरळ होतात, म्हणून हाडांची तपासणी करून घ्या.

हर टू हे पेशींच्या वाढीला चालना देणारं प्रथिन. त्याचे गुण ०, १+, २+, ३+ असे असतात. ३+ पॉझिटिव्ह. २+ म्हणजे अनिश्चित, त्याच ब्लॉकवर (मेणात बसवलेल्या तुकड्यावर) फिश नावाची जनुक टेस्ट करावी लागते. ती वेगळी, खर्चिक, आणि तिच्यासाठी आठवडाभर थांबावं लागू शकतं. पॉझिटिव्ह आलं तर सहसा ट्रास्टुझुमॅबचं इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी, एकूण वर्षभर. ते हृदयावर ताण आणू शकतं, म्हणून मधूनमधून टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी.

ईआर, पीआर आणि हर टू तिन्ही निगेटिव्ह असेल तर हार्मोनच्या गोळ्या आणि ट्रास्टुझुमॅबचा उपयोग नसतो, भर कीमोवर. अशा रुग्णांनी बीआरसीए (बिघाड असल्यास घराण्यात कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या) जनुकाच्या टेस्टबद्दल डॉक्टरांना विचारावं. ती टेस्ट सहसा रक्तावर होते, निकाल बहिणी आणि मुलींच्याही कामाचा असतो.

गाठ मोठी असून हर टू पॉझिटिव्ह किंवा तिन्ही निगेटिव्ह असेल तर बऱ्याचदा आधी कीमो देतात. त्या वेळी गाठीत धातूची बारीक क्लिप बसवायला सांगा. कीमोने गाठ दिसेनाशी झाली तर सर्जनला जागा सापडायला तीच एक खूण उरते. स्तन वाचवून फक्त गाठ काढली असेल तर नंतर रेडिएशन, आपल्या बोलीत शेक, बहुधा लागतं.

ब्लॉक सांभाळा

तपासलेला तुकडा मेणात बसवून ब्लॉक बनतो आणि त्यातून पातळ काप काढून काचेच्या स्लाइड होतात. स्लाइड फुटली तर दुसरी काढता येते. ब्लॉक हरवला तर संपलं. मुंबईत टाटाला किंवा दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलात गेलात तर आमचा रिपोर्ट पुरत नाही, ते स्लाइड आणि ब्लॉक मागून स्वतः पाहतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या मंजुरीसाठीही बायोप्सी रिपोर्ट लागतो, त्याच्या दोन-तीन झेरॉक्स काढून ठेवा.

ब्लॉक न्यायला रुग्णाचं ओळखपत्र आणि आमची पावती आणा. सही करून ब्लॉक मिळेल. मेण ५५-६० अंशांच्या आसपास वितळतं, तेव्हा मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर डबी ठेवू नका. फ्रीजचीही गरज नाही. काम झालं की परत आणून द्या, आम्ही तो १० वर्षं जपून ठेवतो. पुढे आजार उलटला तर नवी बायोप्सी घेऊन मार्कर पुन्हा तपासतात, कारण ते बदलू शकतात. त्या वेळी नव्या तुकड्याशेजारी जुना ब्लॉकही लागतो.