काँग्रेसचा अध्यक्ष कसा ठरतो : नाशिक अधिवेशनाआधी आणि नंतर

नाशिकमध्ये काँग्रेसचा शहराध्यक्ष किंवा जिल्हाध्यक्ष बदलायची वेळ आली की कार्यकर्त्यांच्या बोलण्यात दोनच वाक्ये असतात. ‘निरीक्षक येऊन गेले’ आणि ‘नाव वरून येईल’. आमच्या पिढीला यात वावगे काही वाटतही नाही, कारण डोळ्यांसमोर दुसरे काही घडलेलेच नाही. पण याच शहरात १९५० साली काँग्रेसचे जे अधिवेशन भरले, त्याचा अध्यक्ष वरून आलेला नव्हता. तो तिरंगी लढतीत, मते मोजून निवडून आला होता, आणि तोही पंतप्रधानांची नापसंती असताना. त्यानंतर अशी लढत पाहायला काँग्रेसला सत्तावीस वर्षे थांबावे लागले. असे का झाले, हे कळायला थोडे मागे जावे लागते.

२८ डिसेंबर १८८५ रोजी मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत ७२ प्रतिनिधी जमले आणि व्योमेशचंद्र बॅनर्जी अध्यक्ष झाले. खरे तर ही सभा पुण्यात व्हायची होती. पुण्यात कॉलऱ्याची साथ आली म्हणून ती मुंबईला हलवली. तेव्हाचा अध्यक्ष म्हणजे त्या वर्षीच्या अधिवेशनाचा अध्यक्ष. भाषण करायचे, सभा चालवायची आणि घरी जायचे. बाकी वर्षभर कारभार चिटणीस पाहत. ज्या गावी अधिवेशन, तिथली स्वागत समिती अध्यक्षाचे नाव ठरवी आणि सभेत टाळ्यांच्या गजरात ते मंजूर होई.

वाद नसेपर्यंत ही पद्धत छान चालली. जहाल आणि मवाळ असे तट पडले तशी ती डळमळली. १९०६ च्या कलकत्ता अधिवेशनासाठी लोकमान्य टिळकांचे नाव पुढे येऊ लागले, तेव्हा मवाळांनी ऐंशी वर्षांच्या दादाभाई नौरोजींना विलायतेहून बोलावून घेतले. दादाभाईंपुढे कोण उभे राहणार? पुढच्या वर्षी अधिवेशन नागपूरला ठरले होते. तिथे टिळकांचे बळ जास्त, म्हणून ते सुरतेला नेले. रासबिहारी घोष यांच्या अध्यक्षपदाच्या ठरावावर बोलायला टिळक व्यासपीठावर चढले आणि पुढे जे झाले ते प्रसिद्धच आहे. तांबड्या चामड्याचा, टोकदार, तळव्याला शिसे ठोकलेला एक दक्षिणी जोडा मंडपातून भिरभिरत आला, सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या गालाला लागला आणि उसळून फिरोजशहा मेहतांवर आदळला. मंडपात खुर्च्या आणि काठ्या चालल्या. पक्ष फुटला तो नऊ वर्षे, थेट १९१६ च्या लखनौ अधिवेशनापर्यंत. भांडण अनेक गोष्टींचे होते, पण तोंड फुटले ते अध्यक्ष कोणी आणि कसा निवडायचा या मुद्द्यावर.

टिळक अध्यक्ष झालेच नाहीत. १९१८ च्या दिल्ली अधिवेशनासाठी त्यांची निवड झाली होती, पण चिरोल या इंग्रज पत्रकाराविरुद्धच्या खटल्यासाठी त्यांना इंग्लंडला जावे लागले आणि त्यांच्या जागी मदनमोहन मालवीय बसले.

१९२० च्या नागपूर अधिवेशनात गांधीजींनी पक्षाची घटनाच नव्याने मांडली. चार आण्यांचे सभासदत्व, भाषावार प्रांतिक समित्या, वर्षभर काम करणारी कार्यकारिणी. अध्यक्षपदासाठी प्रांतिक समित्या नावे सुचवू लागल्या. कागदावर ही मोठीच सुधारणा होती. पण नावे प्रांतांनी सुचवायची आणि शेवटचा शब्द गांधीजींचा, असा रिवाजही तिच्याबरोबरच पडला. १९२९ साली बहुतेक प्रांतांनी गांधीजींचेच नाव दिले. त्यांनी नकार दिला आणि जवाहरलाल नेहरूंचे नाव पुढे केले. वल्लभभाई पटेलांना नेहरूंपेक्षा जास्त प्रांतांचा पाठिंबा होता, तरी ते बाजूला झाले. १९३६ साली आपल्या खानदेशात फैजपूरला, पहिल्यांदाच खेड्यात, अधिवेशन भरले. त्याही वेळी वल्लभभाईंनी नाव मागे घेतले आणि नेहरू पुन्हा अध्यक्ष झाले. लढत टाळणे हा मोठेपणा मानला जात होता, आणि वल्लभभाईंच्या बाबतीत तो मोठेपणा होताही.

हा रिवाज पहिल्यांदा मोडला सुभाषबाबूंनी. १९३४ च्या घटनेने अध्यक्ष निवडण्याचा हक्क देशभरच्या प्रतिनिधींना दिला होता. त्या हक्काच्या भरवशावर ते जानेवारी १९३९ मध्ये दुसऱ्यांदा उभे राहिले. त्यांना १५८० मते पडली आणि गांधीजींच्या पसंतीच्या पट्टाभि सीतारामय्यांना १३७७. पट्टाभींचा पराभव हा त्यांच्यापेक्षा माझाच जास्त, असे गांधीजींनी जाहीर केले आणि कार्यकारिणीतले बहुतेक जण राजीनामे देऊन मोकळे झाले. त्रिपुरीच्या अधिवेशनात तापाने फणफणलेल्या सुभाषबाबूंना झोळीवरून आणावे लागले. गोविंद वल्लभ पंतांनी ठराव आणला की अध्यक्षांनी कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी. तो मंजूर झाला. गांधीजींनी नावे सुचवली नाहीत, सुभाषबाबूंना कार्यकारिणी बनवता आली नाही आणि एप्रिलअखेर त्यांनी राजीनामा दिला. त्यांना पाडायला मतदान लागले नाही. सोबत्यांनी सोबत बसायला नकार दिला, एवढे पुरले. नाशिकची गोष्ट समजून घेताना त्रिपुरी विसरून चालत नाही.

स्वातंत्र्य आले तसा आणखी एक प्रश्न उभा राहिला. सरकार आपलेच असताना पक्षाध्यक्षाचे काम काय? आचार्य कृपलानी तेव्हा अध्यक्ष होते. मोठ्या निर्णयांत सरकारने आपल्याला विश्वासात घ्यावे असे त्यांचे म्हणणे होते. ते होईना, म्हणून नोव्हेंबर १९४७ मध्ये त्यांनी पद सोडले. राजेंद्रबाबूंनी वर्षभर गाडा ओढला. १९४८ साली पुन्हा लढत झाली आणि पट्टाभींनी पुरुषोत्तमदास टंडनांना ११४ मतांनी हरवले. २०२२ मध्ये खर्गे आणि थरूर अध्यक्षपदासाठी उभे राहिले तेव्हा ‘पक्षाच्या इतिहासातली सहावी लढत’ असे सगळीकडे छापून आले. त्या मोजणीत १९४८ ची ही निवडणूक धरलेली नाही आणि १९४० ची मौलाना आझाद विरुद्ध मानवेंद्रनाथ रॉय ही लढतही नाही.

त्याच १९४८ च्या मार्चमध्ये नाशिकने काँग्रेसमधली आणखी एक घडामोड पाहिली. कायदेभंगाच्या दिवसांत नाशिकरोडच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, ना. ग. गोरे अशी मंडळी एकत्र होती. काँग्रेसच्या पोटात राहून समाजवादी गट बांधायचा, हा विचार तिथे पिकला. १९४८ च्या सुरुवातीला काँग्रेसने नियम केला की पक्षात दुसरा संघटित पक्ष चालणार नाही. तेव्हा समाजवाद्यांनी नाशिकलाच परिषद भरवली आणि काँग्रेस सोडायचे ठरवले. ज्या गावच्या तुरुंगात गट जन्मला, त्याच गावी तो बाहेर पडला. अध्यक्षाच्या निवडणुकीशी याचा थेट संबंध आहे, कारण नेहरूंच्या विचाराला जवळची बरीच तरुण मंडळी अशी गेली आणि दोन वर्षांनी टंडन उभे राहिले तेव्हा ती मतदार नव्हती.

आता १९५०. रिंगणात तिघे होते. उत्तर प्रदेशचे पुरुषोत्तमदास टंडन, आचार्य कृपलानी आणि आपले शंकरराव देव. टंडन म्हणजे दाढीधारी, व्रतस्थ माणूस. चामड्याची वहाण पायात घालत नसत, हिंदीचे कट्टर कैवारी. फाळणीची जखम ओली होती आणि निर्वासितांमध्ये टंडनांना मोठा मान होता. त्यांच्या निवडीने पक्ष हिंदुत्वाकडे झुकल्याचा संदेश जाईल, अशी नेहरूंना भीती होती, आणि तसे त्यांनी टंडनांना पत्रानेच कळवले होते. सरदार पटेल टंडनांच्या बाजूने होते. टंडनांना १३०६ मते, कृपलानींना १०९२ आणि शंकररावांना २०२. एकूण २६०० मतांत टंडनांची मते निम्म्याहून अवघी सहा जास्त. शंकरराव देव हा आपला माणूस, पक्षाचा सरचिटणीस राहिलेला, त्यागात कुणापेक्षा कमी नाही, तरी त्याला २०२ वर थांबावे लागले. सरदार आणि पंतप्रधान यांच्यातल्या रस्सीखेचीत तिसऱ्याला जागाच उरली नव्हती.

निकालानंतर काही आठवड्यांतच गोदाकाठी अधिवेशन भरले. नेहरू इथे मंचावरून कडाडून बोलले. जातीयवादाविरुद्धचा, अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा ठराव त्यांच्या भूमिकेप्रमाणे मंजूर झाला. परराष्ट्र धोरण आणि आर्थिक धोरणावरही त्यांचाच शब्द चालला. म्हणजे ज्या प्रतिनिधींनी टंडनांना खुर्चीवर बसवले, त्यांनीच नेहरूंची दिशा पक्की केली. याला कुणी ढोंग म्हणेल, मला तसे वाटत नाही. त्या माणसांना दोघेही हवे होते. पक्षाला आपल्या मनासारखा अध्यक्ष आणि देशाला नेहरू. दोघे एकत्र नांदतील, अशी त्यांची प्रामाणिक आशा असावी.

तसे घडले नाही. कार्यकारिणीत यायला नेहरू आधी राजी नव्हते. बऱ्याच घोळानंतर ते आले, पण त्यांचे निकटचे रफी अहमद किडवई बाहेरच राहिले. १५ डिसेंबर १९५० रोजी सरदार गेले आणि टंडनांचा मोठा आधार तुटला. १९५१ च्या जूनमध्ये कृपलानींनी काँग्रेस सोडून किसान मजदूर प्रजा पक्ष काढला. पहिली सार्वत्रिक निवडणूक तोंडावर आली होती, आणि तिकिटे कोण देणार हा प्रश्न होता. ऑगस्टमध्ये नेहरूंनी कार्यकारिणीचा राजीनामा दिला. नेहरूंशिवाय निवडणूक लढवण्याची कुणाची छाती नव्हती. सप्टेंबर १९५१ मध्ये टंडनांनी पद सोडले आणि अखिल भारतीय समितीने नेहरूंनाच अध्यक्ष केले. त्रिपुरीचाच डाव बारा वर्षांनी पुन्हा पडला. मते जिंकलेला अध्यक्ष कार्यकारिणीतल्या असहकारामुळे गेला. टंडनांनी कडवटपणा धरला नाही, ते पक्षातच राहिले. १९६१ साली त्यांना भारतरत्न मिळाले.

पंतप्रधान आणि पक्षाध्यक्ष एकच झाले की भांडण मिटते, हा धडा पक्षाने यातून घेतला. नेहरूंनी पद सोडले तरी पुढचे अध्यक्ष एकमतानेच आले. ढेबर, १९५९ साली इंदिरा गांधी, संजीव रेड्डी, कामराज, निजलिंगप्पा. नाव आधी ठरायचे, अर्ज नंतर भरायचा.

राज्यात मात्र मोजणीची सवय अजून शिल्लक होती, आणि तिचा फटका नाशिक जिल्ह्यालाच बसला. कूळकायद्याच्या काळचे महसूलमंत्री, मालेगावचे भाऊसाहेब हिरे यांच्याकडे महाराष्ट्र काँग्रेसचे वजनदार नेते म्हणून पाहिले जाई. १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये द्वैभाषिक मुंबई राज्याचा नेता निवडताना ते यशवंतराव चव्हाणांविरुद्ध उभे राहिले. मोरारजी देसाईंचे बळ यशवंतरावांच्या मागे गेले. यशवंतरावांना ३३३ मते, भाऊसाहेबांना १११. आमदारांनी नेता निवडला, कुणी लखोटा उघडला नाही. पुढे संरक्षणमंत्री झालेल्या यशवंतरावांना १९६३ साली लोकसभेत जायला जागा हवी होती, ती नाशिकने दिली, आणि तीही बिनविरोध.

१९६९ मध्ये पक्षाध्यक्ष निजलिंगप्पा आणि पंतप्रधान इंदिरा गांधी समोरासमोर आले. टंडन-नेहरूंचाच प्रश्न, फक्त या वेळी कुणी मागे हटले नाही. अध्यक्षांनी पंतप्रधानांना पक्षातून काढले आणि पक्षच दुभंगला. जिंकली पंतप्रधानांची बाजू. त्यानंतर संघटनेच्या निवडणुका जवळजवळ बंदच पडल्या. १९७२ नंतर थेट १९९२ मध्ये तिरुपतीला कार्यकारिणीसाठी मतदान झाले. तिथेही निवडून आलेल्यांत एकही महिला वा दलित नाही, असे कारण देत नरसिंह रावांनी सगळ्यांचे राजीनामे घेतले आणि नव्याने नेमणुका केल्या. कारण खोटे नव्हते, पण शरद पवार आणि अर्जुन सिंह यांच्यासारखे मतांवर आलेले प्रतिस्पर्धी त्यामुळे आयतेच नामनिर्देशित झाले. मधल्या काळात ‘एका ओळीचा ठराव’ ही पद्धत रुळली. दिल्लीहून निरीक्षक येतात, आमदारांना एकेकटे आत बोलावतात आणि संध्याकाळी ठराव होतो की नेता निवडण्याचे सर्वाधिकार पक्षाध्यक्षांना देण्यात येत आहेत. महाराष्ट्राचे कितीतरी मुख्यमंत्री या एका ओळीतून आले.

अध्यक्षपदाच्या लढती मोजक्याच झाल्या. १९७७ मध्ये ब्रह्मानंद रेड्डींनी सिद्धार्थ शंकर रे आणि करण सिंह यांना हरवले. १९९७ मध्ये सीताराम केसरींना ६२२४, शरद पवारांना ८८२ आणि राजेश पायलटांना ३५४ मते पडली. इतक्या मतांनी आलेल्या केसरींना १४ मार्च १९९८ रोजी कार्यकारिणीने एका बैठकीत दूर केले आणि सोनिया गांधी आल्या. २००० साली त्यांना ७४४८ मते मिळाली आणि जितेंद्र प्रसादांना ९४. २०१७ मध्ये राहुल गांधींसाठी अर्जांचे ८९ संच भरले गेले, दुसऱ्या कुणासाठी एकही नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मल्लिकार्जुन खर्गे आणि शशी थरूर उभे राहिले. मतपत्रिकेवर दोनच नावे, खर्गे एक नंबरवर. आधी सूचना निघाली की पसंतीच्या नावासमोर ‘१’ लिहा. थरूर यांच्या गटाने हरकत घेतली, की एक नंबरचा उमेदवार आणि एक आकडा यांत मतदार गोंधळेल. मग ‘१’ ऐवजी बरोबरची खूण आली. त्याआधी दुसरी तक्रार झाली होती, मतदारयादीची. अध्यक्ष निवडतात ते प्रदेश प्रतिनिधी, गटागटातून (म्हणजे ब्लॉकमधून) आलेले. ते नेमके कोण, हे पक्षाच्या खासदारांनाही माहीत नव्हते. यादी उघड करा म्हणून त्यांना पत्रे लिहावी लागली. १९५० च्या मतदाराला पक्षाचा सभासद निवडून पाठवत असे. २०२२ चा बराचसा मतदार गट पातळीवर मतदान न होताच यादीत आला होता. पद्धत पोखरली गेली ती इथून, असे मला वाटते, आणि नाशिकच्या कार्यकर्त्याने आधी विचारायचा प्रश्नही हाच आहे : आपल्या गटाचा प्रतिनिधी कोण, आणि त्याला कधी, कुणी निवडले?

१७ ऑक्टोबरला महाराष्ट्राचे मतदान मुंबईत दादरच्या टिळक भवनात झाले. दोन दिवसांनी मोजणी झाली तेव्हा खर्गेंना ७८९७, थरूर यांना १०७२ मते होती आणि ४१६ मते बाद ठरली.