मालवणच्या समुद्रात तळ कधी दिसतो?

दिवाळीच्या सुटीत मालवणला स्नॉर्केलिंगसाठी जाणारे बहुतेक जण निघण्यापूर्वी हवामानाचा अंदाज पाहतात आणि आकाश निरभ्र असेल तर पाणीही नितळ असेल, असे गृहीत धरतात. प्रत्यक्षात सिंधुदुर्ग किल्ल्याजवळची प्रवाळे आणि मासे स्पष्ट दिसतील की नाही, हे उन्हाइतकेच तिथीवरही अवलंबून असते.

अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र व पृथ्वी साधारण एका रेषेत येतात, सूर्य-चंद्राची ओढ एकत्र होते आणि उधाणाची, म्हणजे मोठी, भरती येते. अष्टमीच्या सुमारास त्या दोन ओढी परस्परांना काटकोनात असल्यामुळे भांगाची, म्हणजे लहान, भरती येते. उधाणात तेवढ्याच सहा तासांत अधिक पाणी आत-बाहेर जाते, प्रवाह वेगवान होतो आणि तळाचा गाळ उचलला जातो.

हा गाळ खाली बसण्याचे गणित फार सुंदर आहे. स्थिर पाण्यात सूक्ष्म कणाचा खाली जाण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणजे ०.१ मिलिमीटर व्यासाचा वाळूचा कण सुमारे दोन मिनिटांत १ मीटर खाली जातो; पण ०.००२ मिलिमीटरच्या कणाचा व्यास ५० पटींनी लहान असल्याने त्याचा वेग २५०० पटींनी कमी होतो आणि तेवढ्याच अंतरासाठी त्याला सुमारे तीन दिवस लागतात. खाऱ्या पाण्यातील आयनांमुळे चिकणमातीच्या कणांमधील विद्युत प्रतिकर्षण क्षीण होते, कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि त्या लवकर बसतात, हे खरे. तथापि हलत्या पाण्यात या गुठळ्या पुन्हा फुटतात. तरंगत राहिलेले कण प्रकाश विखुरतात, म्हणून कडक उन्हातही समोरचा मासा धूसर दिसतो.

लक्ष्मीपूजन अमावास्येला असते, त्यामुळे दिवाळीची सुटी नेमकी उधाणात येते. शक्य असल्यास कार्तिक शुद्ध अष्टमीनंतरचे एक-दोन दिवस निवडावेत, कारण भांगाचा परिणाम थोडा उशिरा जाणवतो. अमावास्या अशुभ म्हणून समुद्र टाळणारे लोक पौर्णिमेला निर्धास्तपणे पाण्यात उतरतात, याला कोणताही आधार नाही; उधाण दोन्ही दिवशी असते.

वेळ सकाळची घ्यावी, कारण दुपारी समुद्राकडून येणारा वारा लाटा वाढवतो. भरतीच्या अखेरीस बाहेरचे स्वच्छ पाणी किनाऱ्याशी आलेले असते, तर ओहोटीबरोबर खाडीतले गढूळ पाणी येते. पाण्यात मात्र तळावर उभे राहू नये आणि पायातले फिन तळाजवळ जोरात मारू नयेत. त्यामुळे उडालेला बारीक गाळ प्रवाळांवर बसतो आणि तो झटकण्यात त्या जीवांची शक्ती खर्च होते.