ठिबकमधून अमोनिअम खत सोडण्याआधी
(सोलापूर परिसरातील डाळिंब व द्राक्ष बागायतदारांसाठी)

पोटॅश, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचे धनभारित आयन धातूंचे. अमोनिअम मात्र नायट्रोजन आणि हायड्रोजन या दोन अधातूंचे बनलेले असूनही धनभारित असते. काळ्या मातीच्या कणांवर ऋणभार असल्याने ते मातीला धरून राहते. नायट्रेट (नत्राचे ऋणभारित रूप) मात्र जास्त पाण्याबरोबर मुळांखाली निघून जाते. उबदार, ओल्या जमिनीत जिवाणू दोन-चार आठवड्यांत अमोनिअमचे नायट्रेट करतात, तोवरच ही धरून राहण्याची सोय.

आपल्याकडे अडचण चुनखडीची, तिने जमिनीचा सामू (pH, आम्ल-अल्कतेचे माप) वाढतो. सामू ८ च्या पुढे गेला की अमोनिअमचा एक हायड्रोजन आयन सुटतो आणि उरलेला अमोनिया हवेत जातो. सामू ८.२५ आणि तापमान २५ अंश असेल तर द्रावणातला सुमारे ९ टक्के भाग अमोनिया झालेला असतो. उन्हाळ्यात त्याहून जास्त. पाहायचे असेल तर फरशीच्या तुकड्यावर चिमूटभर अमोनिअम सल्फेट, तेवढाच तंबाखूचा चुना आणि पाण्याचे दोन थेंब काडीने कालवा. नाकाला झोंबणारा वास येतो, ते तुमचे नत्र. म्हणून खत वर फेकू नका. ५ ते ७ सेंटिमीटर मातीआड करून लगेच पाणी द्या, किंवा ठिबकमधून सोडा.

अमोनिअम सल्फेटच्या ५० किलोच्या गोणीत २०.५ टक्क्यांनी १०.२५ किलो नत्र येते. एवढे नत्र सव्वाबावीस किलो युरियातही मिळते, आणि स्वस्तात. अमोनिअम सल्फेट घ्यायचे ते गंधकासाठी, शिवाय मुळे अमोनिअम घेताना हायड्रोजन आयन बाहेर सोडतात म्हणून. मुळालगतचा सामू उतरतो, अडकलेले लोह-जस्त थोडे मोकळे होते. सगळ्या रानाची चुनखडी याने जाईल असे कोणी सांगितले तर ऐकू नका. आणि अति केले तर पीक कॅल्शियम कमी उचलते.

कॅल्शियम नायट्रेटबरोबर एकाच टाकीत कधीच नको. अमोनिअम सल्फेटने जिप्सम, १२:६१:०० ने (मोनो अमोनिअम फॉस्फेटने) कॅल्शियम फॉस्फेट तळाशी बसते. बोअरचे पाणी जड असेल तर आधी पारदर्शक बाटलीत, सोडणार त्याच प्रमाणात खत विरघळवून दोन तास ठेवा. गढूळ झाले तर ते खत त्या पाण्यातून सोडू नका. दोन खतांच्या मध्ये १५-२० मिनिटे साधे पाणी चालवा.

चुन्याने किंवा फॉस्फेटने तुंबलेले ड्रिपर हायड्रोक्लोरिक ॲसिडने सुटतात, जिप्समचे सहसा नाही. ते बदलावेच लागतात. ॲसिड नेहमी पाण्यात ओता, ॲसिडमध्ये पाणी नको. त्या दिवशी ब्लिचिंग पावडर टाकीजवळ आणू नका, क्लोरीन वायू सुटतो.