लॅटिनो वस्त्यांतील विद्यार्थी दवाखाने

अमेरिकेत वैद्यकीय महाविद्यालयांचे विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून चालवत असलेले मोफत दवाखाने. त्यांतले बरेचसे मेक्सिको, मध्य अमेरिका, पोर्तो रिको व डोमिनिकन प्रजासत्ताक येथून आलेल्या लॅटिनो कुटुंबांच्या वस्त्यांत आहेत. दवाखाना बहुधा आठवड्यातून एकदा, शनिवारी सकाळी किंवा एखाद्या संध्याकाळी, चर्चमध्ये, शाळेत किंवा एरवी दुसऱ्या कोणाच्या ताब्यात असलेल्या आरोग्य केंद्रात भरतो. नोंदणी, केसपेपर, प्राथमिक तपासणी, औषधवाटप, देणग्या मिळवणे ही सगळी कामे विद्यार्थी करतात. निदानावर व औषधांच्या चिठ्ठीवर सही मात्र परवानाधारक डॉक्टरचीच लागते, आणि तेही सहसा विनामोबदला आलेले असतात. आपल्याकडील इंटर्नशिपमध्ये ग्रामीण भागातली नेमणूक सक्तीची असते. तशी सक्ती इथे नाही.

अशा दवाखान्यांची गरज का पडावी, याचे उत्तर विम्यात आहे. अमेरिकेत उपचारांचा खर्च विम्याशिवाय पेलत नाही आणि विमा बहुतेकांना नोकरीतून मिळतो. शेतमजूर, बांधकामावरचे कामगार, हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत भांडी घासणारे यांच्या नोकऱ्यांत तो क्वचितच असतो. 2010 च्या आरोग्य कायद्याने कोट्यवधी लोकांना विमा मिळाला, पण वैध कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांना त्या कायद्याच्या विमा-बाजारातून स्वतःच्या पैशानेही विमा घेता येत नाही. 1986 च्या एका कायद्यामुळे रुग्णालयांना तातडीच्या विभागात आलेल्या कोणाचीही तपासणी करून त्याची प्रकृती स्थिर करावी लागते, एवढाच काय तो आधार. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड यांसारखे रोज गोळी मागणारे आजार या आधाराच्या बाहेरच राहतात.

दुसरी अडचण डॉक्टरांची. 2020 च्या जनगणनेनुसार देशात 6.21 कोटी लॅटिनो होते, म्हणजे लोकसंख्येच्या 18.7 टक्के. 2018 च्या आकडेवारीत डॉक्टरांमधले त्यांचे प्रमाण सहा टक्क्यांच्याही आत होते.

या चळवळीची मुळे 1960 च्या दशकात आहेत. 1966 च्या उन्हाळ्यात ‘स्टुडंट हेल्थ ऑर्गनायझेशन’ या संघटनेमार्फत वैद्यकीय व परिचर्येचे विद्यार्थी कॅलिफोर्नियातील गरीब वस्त्यांत व शेतमजुरांमध्ये कामाला गेले. न्यूयॉर्क आणि शिकागोत ‘यंग लॉर्ड्स’ या पोर्तो रिकन तरुणांच्या जहाल संघटनेने आरोग्य हाच लढ्याचा विषय केला. न्यूयॉर्कच्या पूर्व हार्लेम भागात तिचे कार्यकर्ते घरोघर जाऊन मुलांच्या शरीरात भिंतींच्या रंगातून गेलेले शिसे तपासत. 1970 मध्ये शिकागोच्या एका मेथडिस्ट चर्चमध्ये संघटनेने दवाखाना उघडला आणि त्याला एकोणिसाव्या शतकातील पोर्तो रिकोचे डॉक्टर व स्वातंत्र्यवादी नेते रामोन एमेतेरियो बेतान्सेस यांचे नाव दिले. आजचे दवाखाने या वारशाचा उच्चार फारसा करत नाहीत. देणगीदारांना न दुखावणारी सौम्य भाषा आता रूढ झाली आहे.

कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथील ‘क्लिनिका तेपाती’ हा या प्रकारच्या जुन्या आणि अजून चालू असलेल्या दवाखान्यांपैकी एक. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतील चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन, विद्यार्थ्यांनी तो 1974 मध्ये सुरू केला. हा काळ लक्षात ठेवण्याजोगा आहे. डेव्हिसच्या वैद्यकीय महाविद्यालयाने तेव्हा 100 पैकी 16 जागा अल्पसंख्य व वंचित विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या ठेवल्या होत्या. 1973 आणि 1974 असा दोनदा प्रवेश नाकारला गेलेल्या अ‍ॅलन बाक्की या गोऱ्या उमेदवाराने त्याविरुद्ध दावा लावला आणि 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या राखीव जागा बेकायदा ठरवल्या. आरक्षणाचा वाद आणि वस्तीतला दवाखाना एकाच आवारात, एकाच वेळी जन्मले हा योगायोग नव्हे: आपल्या माणसांतून डॉक्टर व्हावेत आणि ते आपल्या माणसांकडे परत यावेत, या एकाच मागणीची ही दोन रूपे होती.

पुढच्या लाटेत कॅलिफोर्नियातीलच सान दिएगो येथील विद्यार्थी दवाखान्यांचा प्रकल्प महत्त्वाचा ठरला. डॉ. एलेन बेक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तो 1997 मध्ये उभा केला. त्याचे एक केंद्र शहराच्या आग्नेय भागातील बेकर प्राथमिक शाळेत असून तेथे प्रामुख्याने स्पॅनिश बोलणारी कुटुंबे येतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला ‘एको’ दवाखाना 1999 चा, तर येल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा न्यू हेवन येथील ‘हेवन’ 2005 चा. सान फ्रान्सिस्कोच्या मिशन भागातील दवाखान्याला 1989 मध्ये एल साल्वादोरच्या सैनिकांनी ठार केलेले जेझुइट (कॅथलिक धर्मसंघातील) मानसशास्त्रज्ञ इग्नासिओ मार्तिन-बारो यांचे नाव आहे. 2005 मध्ये देशातील 49 वैद्यकीय महाविद्यालयांकडे असे दवाखाने होते. 2014 पर्यंत सुमारे तीन-चतुर्थांश महाविद्यालयांत ते सुरू झाले. अर्थात या सर्वांचे रुग्ण लॅटिनो नाहीत.

कामाची रीत सगळीकडे जवळपास सारखी आहे. रुग्णाला आधी पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी भेटतो, रक्तदाब व वजन घेतो, तक्रार लिहून घेतो. मग वरच्या वर्गातला विद्यार्थी तपासतो. दोघे बाहेर येऊन डॉक्टरला सगळी हकीकत सांगतात, डॉक्टर दोन-चार आडवेतिडवे प्रश्न विचारतात आणि तिघेही पुन्हा रुग्णाकडे जातात. यात सकाळ सहज मोडते. रुग्णाला एकच गोष्ट तीनदा सांगावी लागते, पण तिसऱ्या वेळी तो बहुधा खरी तक्रार सांगतो. पाठदुखीसाठी आलेली बाई उठता उठता छातीतल्या गाठीबद्दल बोलते. घाईच्या ओपीडीत ती गाठ तशीच घरी गेली असती.

दुभाषे हा या यंत्रणेचा कणा आहे. क्लिनिका तेपातीत हे काम पदवीपूर्व वर्गातली, घरी स्पॅनिश बोलणारी मुले करत आली आहेत. यांतल्या कित्येकांनी लहानपणी आई-वडिलांसाठी डॉक्टरपुढे हेच काम केलेले असते. प्रशिक्षणात त्यांना पहिल्यांदा जुनी सवय मोडायला शिकवतात: गाळायचे नाही, सावरून घ्यायचे नाही, रुग्णाच्या वतीने उत्तर द्यायचे नाही. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बालरुग्णांच्या 13 भेटींचे ध्वनिमुद्रण तपासले, तेव्हा दर भेटीत भाषांतराच्या सरासरी 31 चुका आढळल्या. या कामाचे प्रशिक्षण न घेतलेल्या दुभाष्यांच्या चुका रुग्णाला भोवण्याची शक्यता अधिक होती. शिवाय प्रत्येक लॅटिनो माणूस स्पॅनिशमध्ये सहज बोलतो असेही नाही. कॅलिफोर्नियाच्या शेतांवर मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतातले मिश्तेक आणि सापोतेक भाषक मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यासाठी कधी कधी मिश्तेकमधून स्पॅनिश आणि स्पॅनिशमधून इंग्रजी अशी दोन माणसांची साखळी लावावी लागते.

येणाऱ्या आजारांत मधुमेह आघाडीवर. लॅटिनो प्रौढांत त्याचे प्रमाण गोऱ्यांच्या दीडपटीहून अधिक आहे. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी स्वस्त आहे, ती मिळवून देणे अवघड नाही. अडते ते इन्सुलिनपाशी. इन्सुलिन सुरू केले की डोळे जातात, ही समजूत मेक्सिकन कुटुंबांत खोलवर रुजलेली आहे, आणि ती निराधार म्हणून उडवून लावता येत नाही: उपचार मिळेपर्यंत वर्षे गेलेली असतात, इन्सुलिन शेवटी येते आणि दृष्टी त्याच सुमारास अधू होते. शेजाऱ्यांना दिसतो तो क्रम एवढाच. आजाराचे कारण विचारले तर अनेक जण ‘सुस्तो’ म्हणजे बसलेली धास्ती सांगतात. एखादा अपघात, एखादा मृत्यू, सीमा ओलांडतानाची रात्र. चांगला विद्यार्थी यावर वाद घालत नाही. दिवसाला किती तोर्तिया (मेक्सिकन पोळ्या), मक्याच्या की मैद्याच्या, निवडुंगाची भाजी गोळीसोबत खाता की गोळीऐवजी, हे विचारून तो पुढे सरकतो. छापील आहारतक्त्यातल्या ब्रोकोलीपेक्षा याचा उपयोग अधिक.

टीकाही होते, आणि ती रास्त आहे. शिकाऊ हात गरिबांवरच का चालावेत, हा पहिला प्रश्न. दवाखान्यातले काम पुढे रेसिडेन्सीच्या, म्हणजे पदवीनंतरच्या रुग्णालयीन प्रशिक्षणाच्या, अर्जात शोभून दिसते, हा दुसरा. सर्वांत मोठा दोष मात्र सातत्याचा आहे. विद्यार्थी दरवर्षी बदलतात, परीक्षांच्या काळात मनुष्यबळ घटते, आणि रुग्णाला दर खेपेला नवा चेहरा दिसतो. म्हणून जे दवाखाने अहवाल कळवण्यासाठी, औषध संपण्याआधी आठवण देण्यासाठी फोन करणारी वेगळी तुकडी ठेवतात, तेच खऱ्या अर्थाने उपयोगी पडतात. नुसत्या तपासणी शिबिरांतून रक्तदाबाचा आकडा लिहिलेली चिठ्ठी हातात पडते, पुढे काहीच होत नाही.

शस्त्रक्रिया, कर्करोगावरील उपचार, डायालिसिस यांपुढे विद्यार्थी हतबल असतात. अनेक राज्यांत कागदपत्रे नसलेल्या मूत्रपिंडाच्या रुग्णाला जीव धोक्यात आल्यावरच तातडीच्या विभागात डायालिसिस मिळते. आठवड्यातून तीनदा नियमित डायालिसिस मिळणाऱ्यांच्या तुलनेत अशा रुग्णांचा पाच वर्षांतील मृत्युदर 14 पट असल्याचे 2018 च्या एका अभ्यासात दिसले. कोलोरॅडोने 2019 मध्ये आपला नियम बदलला.

स्थलांतरविषयक धोरणांचे पडसाद या दवाखान्यांत लगेच उमटतात. येथे रुग्णाला वास्तव्याचे कागद विचारत नाहीत, तरी भीती असतेच. सरकारी मदत घेणाऱ्यांचे कायम वास्तव्य अडचणीत आणणारा नियम फेब्रुवारी 2020 ते मार्च 2021 या काळात लागू होता. ज्यांना तो लागूही नव्हता अशा कुटुंबांनी मुलांचा विमा सोडून दिला. रुग्णालये, शाळा व चर्च येथे धरपकड टाळण्याचा संकेत जानेवारी 2025 मध्ये केंद्र सरकारने मागे घेतला. कॅलिफोर्नियाने आपली ‘मेडी-कॅल’ ही विमा योजना टप्प्याटप्प्याने खुली करत 1 जानेवारी 2024 पासून सर्व वयाच्या, कागदपत्रे नसलेल्या रहिवाशांनाही दिली होती, तेव्हा तिथल्या दवाखान्यांचे काम रुग्णांना योजनेत नोंदवून देण्याकडे वळले. पुढे तुटीच्या अर्थसंकल्पामुळे राज्याने जानेवारी 2026 पासून अशा प्रौढांची नवी नोंदणी थांबवली. ज्यांची नोंदणी आधी झाली त्यांचा विमा चालू आहे. त्यानंतर आलेल्यांना पुन्हा शनिवारच्या रांगेशिवाय फारसा पर्याय नाही.