अंटार्क्टिका मोहिमेला पैसे दिले म्हणून खनिजांत वाटा मिळत नाही

नाशिकमध्ये कित्येक वर्षे फिरणारा एक संदेश सांगतो की, विद्यापीठे अंटार्क्टिकाच्या वैज्ञानिक मोहिमांना पैसे देतात ती तिथल्या खनिजांत वाटा मिळावा म्हणून, आणि २०४८ मध्ये करार संपला की वाटणी होईल. पैसे दिले म्हणजे मोबदला असणारच, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हा दावा खरा नाही.

१९५९ च्या अंटार्क्टिक कराराच्या चौथ्या कलमानुसार, करार लागू असेपर्यंत तिथे केलेल्या कामाच्या आधारे कोणत्याही देशाला भूभागावर नवा हक्क सांगता येत नाही. मग तो विद्यापीठाला कुठून मिळणार? या कराराला जोडलेल्या १९९१ च्या पर्यावरणविषयक प्रोटोकॉलचे, म्हणजे पूरक कराराचे, सातवे कलम तर एकाच वाक्याचे आहे: वैज्ञानिक संशोधन वगळता खनिजांसंबंधीच्या सर्व कृतींना मनाई. हा प्रोटोकॉल १९९८ मध्ये लागू झाला आणि त्याला समाप्तीची तारीखच नाही. ५० वर्षांनंतर, म्हणजे २०४८ पासून, सल्लागार देशांना, म्हणजे करारात निर्णयाचा अधिकार असलेल्या सदस्यांना, फेरविचार परिषद मागता येते, इतकेच.

मिळते ती माहिती. निफाडचा द्राक्ष बागायतदार पिशवीभर मातीवरून शेताचा कस जाणून घेतो, तसे खोलवरून काढलेल्या बर्फाच्या दंडगोलांत अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून आठ लाख वर्षांपूर्वीपर्यंतच्या हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजता आला आहे. अशी निरीक्षणे शक्य तितकी सर्वांना खुली करावीत, असे कराराचे तिसरे कलम सांगते.

दोन्ही मसुदे इंटरनेटवर मोफत वाचता येतात. प्रोटोकॉलमध्ये आधी सातवे आणि मग पंचविसावे कलम पाहावे. २०४८ चा उलगडा तिथेच होतो.