‘रिकामं घर मोठं दिसतं’ हे कितपत खरं?

फ्लॅट विकायचा तर आधी सगळं सामान हलवा, रिकामं घर मोठं दिसतं आणि भाव चांगला येतो, असा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो पटतो, कारण खच्चून भरलेली खोली खरंच लहान वाटते. पण ती लहान दिसते गर्दीमुळे, फर्निचरमुळे नाही.

रिकाम्या खोलीत डोळ्याला माप मिळत नाही. नाशिकच्या इंदिरानगर किंवा पाथर्डी फाट्याकडच्या टू-बीएचकेतली दहा बाय अकराची बेडरूम घ्या. मोकळी असली की बघणारा हमखास विचारतो, “यात डबल बेड बसेल का?” पाच बाय साडेसहाचा पलंग दहा फुटी भिंतीच्या मधोमध लावला, तर दोन्ही बाजूंना अडीच फूट आणि पायथ्याशी साडेचार फूट उरतात. समोर दोन फूट खोल कपाट धरलं तरी अडीच फुटांची वाट राहते. हे बघणाऱ्याला दिसलं की प्रश्नच संपतो.

पडताळायचं असेल तर दारातून, छातीच्या उंचीवरून, साध्या लेन्सने दोन फोटो काढा: एक पलंगासह, एक त्याशिवाय. वाइड लेन्स नको, ती मापं फसवते.

नवं काही विकत घ्यायला नको. जादा खुर्च्या, टीपॉय, कपाटावरच्या बॅगा तेवढ्या हलवा. बाल्कनीच्या दारासमोरचा सोफा सरकवा. मात्र पावसाळ्यातली ओल कपाटाआड लपवू नका. गळती आधी दुरुस्त करा, भिंत वाळू द्या, मगच रंग.